एक टॅब, एक जुना फोन आणि भिंतीवरचा क्यूआर कोड: शाळेतल्या नोंदी

१८ जून २०२४, मंगळवार

शाळा सुरू होऊन तीन दिवस झाले. कोयना खोऱ्यातली द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा, पहिली ते चौथी, पट २३. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी मुख्याध्यापक सरांकडे. गेल्या वर्षी शाळेला एक टॅब मिळालाय. माझ्या घरी एक जुना फोन पडून आहे, अँड्रॉइड ९ चा. हाताशी आहे ते एवढंच.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हापासून क्यूआर कोड वापरायचं डोक्यात होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाने पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, मग आपल्याला का जमू नये? बालभारतीच्या पुस्तकांत आता दीक्षाचे (सरकारच्या ऑनलाइन अभ्यास-मंचाचे) कोड असतातच. कोड नाही वाचला गेला तर खालची सहा अक्षरं टाकता येतात. पण आमच्या वर्गात रेंज नाही. नीट रेंजसाठी देवळामागच्या टेकाडावर जावं लागतं, आणि पावसाळ्यात २३ मुलांना घेऊन तिथे कोण जाणार? माझी अडचण एवढीच आहे.

मला हवंय ते असं. दुसरीतलं मूल वाचताना एखाद्या शब्दाशी अडतं, तेव्हा मी पहिलीच्या मुलांत गुंतलेली असते. ते वाट बघतं आणि मग वही मिटून ठेवतं. त्या मिनिटाला त्याला कुणीतरी तो परिच्छेद वाचून दाखवायला हवा.

२६ जून

पहिली खेप तयार. वाचनाचे ४२ छोटे उतारे, प्रत्येकाला एक कोड; कोड स्कॅन केला की तो उतारा माझ्या आवाजात ऐकू येतो. काल तालुक्याला गेले होते तेव्हा रेकॉर्डिंग ऑनलाइन ठेवलं, एका फुकट वेबसाइटवर कोड बनवले आणि ए-फोर कागदावर चार-चार छापून घेतले. ११ कागदांची छपाई ५५ रुपये, लॅमिनेशन ३३० रुपये.

वर्गात लावल्यावर लगेच दोन गोष्टी लक्षात आल्या. खिडकीसमोरच्या भिंतीवरचे कोड लॅमिनेशनच्या चकाकीमुळे वाचलेच जात नाहीत. टॅबच्या पडद्यावर कोडच्या मधोमध पांढरा झोत दिसतो. समोरून न धरता थोडं बाजूने, तिरकं धरलं तर वाचतो, पण सहा-सात वर्षांच्या मुलाला हे जमत नाही. मग खिडकीच्याच भिंतीवर हलवले, उजेड पाठीमागून येईल असे. अर्धा दिवस त्यात गेला. दुसरं म्हणजे वहीत चिकटवायला दीड सेंटिमीटरचे कोड केले होते, ते टॅबला दिसतच नाहीत. त्याचा कॅमेरा जवळचं स्पष्ट करत नाही आणि लांब नेलं की कोड बारीक होतो. वहीसाठी किमान तीन सेंटिमीटर धरा. लॅमिनेशन वर्गात लावायच्या कागदांना करूच नका. साधा कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला उत्तम.

रेंजचं म्हणाल तर टॅब व्हरांड्याच्या टोकाला नेऊन एकेक फाइल आधी उघडून ठेवायची, असं चालवलंय. हे टिकणारं नाही, हे मला आजच कळतंय.

११ जुलै

सगळे ४२ कोड मेले.

सकाळी एक मुलगा आला, ‘बाई, ह्यात दुसरंच काय तरी येतंय.’ स्वतः टेकाडावर जाऊन पाहिलं. कोड वाचला जातोय, पण उताऱ्याऐवजी त्या वेबसाइटचं पान उघडतंय: मुदत संपली, पैसे भरा. त्या कोडमध्ये माझ्या फाइलचा पत्ता नव्हताच. त्यांच्या वेबसाइटचा पत्ता होता आणि तिथून पुढे माझ्या फाइलकडे वळवलं जात होतं. १४ दिवस फुकट होतं, ते बारीक अक्षरात लिहिलं होतं आणि मी वाचलं नव्हतं. ३८५ रुपये आणि दोन आठवडे गेले.

तुम्ही करणार असाल तर हे आधी तपासा. कोड बनवला की तो साध्या स्कॅनरने वाचा आणि आत नेमकं काय लिहिलंय ते डोळ्यांनी बघा. तुम्ही दिलेला मजकूर जसाच्या तसा दिसला तर तो कोड कायमचा, त्याला मुदत नसते. दुसराच कुठला पत्ता दिसला तर तो कोड दुसऱ्याच्या हातात आहे. ‘डायनॅमिक’ लिहिलेलं घेऊ नका, ‘स्टॅटिक’ घ्या.

१७ जुलै, आषाढी एकादशी, सुट्टी

घरी बसून नवीन मांडणी केली. इंटरनेट पूर्ण वगळायचं.

कोडमध्ये आवाज मावत नाही. सगळ्यात मोठ्या कोडमध्येही तीन हजार बाइटच्या (बाइट म्हणजे साठवणीचं माप) आतच मजकूर मावतो. पण पत्ता मावतो, आणि तो पत्ता इंटरनेटवरचाच असायला हवा असं कुठे आहे? जुन्या फोनवर हॉटस्पॉट सुरू केला, त्यात फाइल वाटणारं एक सर्व्हर ॲप टाकलं. टॅब त्या हॉटस्पॉटला जोडला. आता फोनचा पत्ता १९२.१६८.४३.१, आणि जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये हॉटस्पॉटचा पत्ता हाच असतो, बदलत नाही. पुढे पोर्ट (सर्व्हर ॲपचा दार-क्रमांक) ८०८०, मग फाइलचा नंबर. कोड स्कॅन केला की टॅबवर आवाज सुरू. ना रेंज, ना रिचार्ज.

घरी १० मिनिटांत चाललं. मला फार आनंद झाला.

१९ जुलै

वर्गात चाललं नाही. दोन दिवस पुढच्या गोष्टी शोधण्यात गेले:

हॉटस्पॉटला कुणी १० मिनिटं जोडलेलं नसलं की तो आपोआप बंद होतो. सेटिंगमध्ये ‘आपोआप बंद करा’ असं असतं, ते काढायचं.

पडदा बंद झाला की फोन बॅटरी वाचवण्यासाठी सर्व्हर ॲपच मारून टाकतो. त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्यायची.

टॅब म्हणतो, ‘या वायफायला इंटरनेट नाही’ आणि स्वतःहून सोडून देतो. पहिल्या वेळी विचारतो तेव्हा ‘जोडलेलं राहू दे’ म्हणायचं आणि ‘पुन्हा विचारू नका’ वर खूण करायची. टॅबमध्ये सिम असेल तर मोबाइल डेटा बंद.

शेवटचं सापडायला एक अख्खी संध्याकाळ लागली. कोडमध्ये मी पत्ता सगळा कॅपिटलमध्ये लिहिला होता, फाइलची नावं मात्र स्मॉल एमपी३ मध्ये होती. सर्व्हरला ही दोन वेगळी नावं वाटतात. नव्या मांडणीतल्या ३८ फाइलींची नावं बदलली.

कॅपिटल का, तर त्यालाही कारण आहे. कोडची एक पद्धत फक्त आकडे, कॅपिटल अक्षरं आणि थोडी चिन्हं घेते आणि ती कमी जागेत मावते. माझा पत्ता ३१ अक्षरांचा. स्मॉलमध्ये लिहिला तर कोड २९ बाय २९ घरांचा (काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा) होतो, कॅपिटलमध्ये २५ बाय २५. घरं कमी म्हणजे प्रत्येक घर मोठं, आणि आमच्या टॅबच्या कॅमेऱ्याला तेवढाच फरक पुरतो.

२४ जुलै

पाऊस थांबत नाही. पट २३, हजर १४. वीज दिवसातून चार वेळा जाते, म्हणून फोनला पॉवर बँक लावली आहे (७९९ रुपये, या कामातला सगळ्यात मोठा खर्च).

आज रेकॉर्डिंग पुन्हा केलं. आधीचं सगळं माझ्या आवाजात होतं. सर म्हणाले, चौथीच्या मुलांना वाचू द्या, त्यांचंही वाचन होईल. पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज की काहीच ऐकू येईना. शेवटी पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीत, पोत्यांच्या मधे बसून रेकॉर्ड केलं. तिथे आवाज घुमत नाही आणि पाऊसही बाहेर राहतो. एकेका उताऱ्याला पाच-सहा वेळा वाचावं लागलं. चौथीतली एक मुलगी ‘पुन्हा घ्या बाई, माझं स्वल्पविरामाला थांबायचं राहिलं’ म्हणाली. आम्ही वर्षभर शिकवत असतो ते तिला, ऐकणारं कुणी आहे म्हटल्यावर, आपोआप कळलं.

१ ऑगस्ट

मुलांच्या हातात दिलं. दोघादोघांना १० मिनिटं. एकाने उतारा समोर धरायचा, ओळीखाली बोट फिरवायचं, दुसऱ्याने टॅब सांभाळायचा. मग अदलाबदल.

मधल्या सुट्टीनंतर कोड वाचलेच जाईनात. मी पुन्हा फोन, ॲप, हॉटस्पॉट सगळं तपासत बसले. दुसरीतली एक मुलगी टॅब उलटा करून बघत होती. तिने ओढणीच्या टोकाने कॅमेऱ्याची काच पुसली, तोंडाची वाफ सोडली, पुन्हा पुसली. ‘ह्येच्या डोळ्याला तेल लागलंय बाई.’ खिचडीचे हात. काचेवर बोटाचा ठसा स्पष्ट दिसत होता. त्यानंतर टॅब वाचायला लागला. आता टॅबच्या कव्हरला एक सुती चिंधी दोऱ्याने बांधली आहे आणि ती त्या मुलीची जबाबदारी आहे.

३ ऑगस्ट, शनिवार

तिसरी-चौथीच्या मुलांना कोड कसा होतो हे बघायचं होतं. चौकटीच्या वहीत सर्वांत लहान कोड काढू म्हटलं, २१ बाय २१ घरांचा. प्रत्येकाला त्यात मराठी शब्द घालायचा होता. इथे मीही शिकले. मराठीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजायचे. ‘आंबा’ची चार चिन्हं, १२ बाइट, सहज बसतात. ‘हिरडा’ १५, तोही बसतो, फक्त बिघाड सोसायची ताकद (काही घरं चुकली तरी कोड वाचला जाण्याची) सगळ्यात कमी ठेवावी लागते. ‘जांभूळ’ची सहा चिन्हं होतात, १८ बाइट, आणि लहान कोडची मर्यादा १७. एका बाइटने जांभूळ बाहेर राहिलं, त्याला २५ बाय २५ चा कोड लागला. मुलांनी दुपारभर गावातल्या झाडांची नावं बोटांवर मोजली. ऐन, साग, आवळा, फणस. अक्षर, काना, अनुस्वार वेगवेगळा ओळखण्याचा इतका सराव मी कधी फळ्यावर घेऊ शकले नसते.

दोन सूचना. काही स्कॅनर मराठी मजकूर वेडीवाकडी चिन्हं करून दाखवतात. कोड बनवताना यूटीएफ-८ (मराठीसारख्या लिपी साठवायची पद्धत) निवडा, तरी नीट दिसलं नाही तर स्कॅनर बदला. आणि फळ्यावर खडूने काळ्यावर पांढरा कोड काढू नका. आमच्या टॅबने तो उलटा कोड वाचलाच नाही. सगळी पार्श्वभूमी खडूने भरून काळी घरं मोकळी सोडली, तेव्हा वाचला.

१० ऑगस्ट, शनिवार

व्हरांड्याच्या भिंतीवर मोठा कोड रंगवला. आत पहिल्या फाइलचा पत्ता, म्हणजे मुलांनी म्हटलेली प्रार्थना. २५ बाय २५, म्हणजे ६२५ घरं. एक घर पाच सेंटिमीटरचं, म्हणजे सव्वा मीटरचा चौरस. ऑइलपेंट, ब्रश, मास्किंग टेप मिळून ६४० रुपये, निम्मे सरांनी घातले.

मुलांनी सुतळीला नीळ लावून भिंतीवर रेघा मारल्या. प्रत्येकाला दोन-तीन ओळी, हातात त्या ओळीचा कागद: काळं, काळं, पांढरं, काळं. साडेअकरापर्यंत पूर्ण झाला, दिसायला अगदी बरोबर. टॅब धरला तर काही नाही.

पहिली चूक माझी. भिंत आधीच निळी आहे आणि कोडला अगदी लागून जुनी फुलांची नक्षी होती. कोडच्या चारही बाजूंना चार घरांएवढी मोकळी पांढरी पट्टी लागते, नाहीतर कोड कुठे सुरू होतो ते कॅमेऱ्याला कळत नाही. आमच्या मापाने २० सेंटिमीटर. ती मी सोडलीच नव्हती. मुलांनी कष्टाने काढलेली फुलं पुसावी लागली, वाईट वाटलं. पांढरा रंग दिला, वाळेपर्यंत थांबलो, तरी नाही.

मग चौथीतला एक मुलगा कागद घेऊन ओळ-ओळ मोजत बसला. सगळे डबे धुवायला गेले, तो उभाच. १७व्या ओळीशी त्याने बोट ठेवलं. ‘हितनं एक घर सरकलंय.’ १७, १८ आणि १९, तिन्ही ओळी एकाच मुलाने रंगवलेल्या आणि तिन्ही एक घर उजवीकडे. कोड १५ टक्के बिघाड सोसतो, पण अख्ख्या तीन ओळी त्याच्या आवाक्याबाहेरच्या. ज्याच्या ओळी होत्या तो रडवेला झाला होता. मोजणाऱ्याने त्यालाच ब्रश दिला आणि शेजारी उभा राहून घरं सांगत गेला. सव्वादोन वाजता फाटकातून, १२ मीटरवरून, कोड वाचला गेला आणि प्रार्थना वाजली.

इतर चार घरं चुकलेली आहेत, ती तशीच ठेवली. तेवढं कोड भरून काढतो. मुलं येणाऱ्याजाणाऱ्याला ती चार घरं दाखवतात.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला पालक, ग्रामपंचायतीचे सदस्य, मुंबईहून आलेले दोघे-तिघे. सगळ्यांनी आपापला फोन भिंतीसमोर धरला आणि कुणाच्याच फोनवर काही उघडलं नाही. अर्थात, त्यांचे फोन आमच्या हॉटस्पॉटला जोडलेले नव्हते. मला हे आधी सुचायला हवं होतं, मुलं अगदी हिरमुसली. दुपारी बाजूला एक छोटा कोड लावला, त्यात वायफायचं नाव आणि पासवर्ड. तो आधी स्कॅन केला की फोन जोडला जातो, मग मोठा कोड. आमच्या हॉटस्पॉटला एका वेळी आठच फोन जोडता येतात, हेही लक्षात ठेवा.

२८ सप्टेंबर, शनिवार

गेल्या पालकसभेत एक आई उभी राहिली, ‘आम्ही पोरांच्या हातातला मोबाईल सोडवतोय आणि तुम्ही शाळेत देताय.’ तिचं म्हणणं रास्त आहे. तिला वर्गात नेलं, तिच्या मुलाला टॅब दिला. इंटरनेट नाही, १० मिनिटं, मुलाचं बोट कागदावर. तिने तीन उतारे ऐकले. मग विचारलं, ‘ही आवाजं बाहेर जातात का?’ नाही. फोन शाळेच्या कपाटात असतो, आवाज त्याच फोनमध्ये राहतात. इंटरनेट नव्हतं म्हणून हा मार्ग धरला होता, पण आता इथे रेंज आली तरी मुलांचे आवाज मी ऑनलाइन ठेवणार नाही.

घरच्या अभ्यासासाठी कोड देणं मात्र मी पूर्ण सोडलं. बहुतेक घरांत एकच फोन, तो वडिलांबरोबर पुण्या-मुंबईत नाहीतर रात्री आठला घरी. ज्याच्या घरी फोन नाही त्या मुलाला कोडचा गृहपाठ देणं अन्यायाचं आहे.

त्याच आईची सासू सोमवारी आली. जात्यावरच्या ओव्या म्हणते, त्यांचंही घ्या म्हणाली. तांदळाच्या खोलीत पाच ओव्या घेतल्या. फाइल ३९ ते ४३.

२२ नोव्हेंबर

परवा, २० तारखेला, विधानसभेचं मतदान झालं. शाळा मतदान केंद्र होती आणि मी दुसऱ्या गावात ड्युटीवर. आज वर्ग उघडला तर भिंतीवरचे कागद काढून कोपऱ्यात रचलेले, चिकटपट्टीबरोबर १४ कोडचे कोपरे फाटलेले. कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन गेले की कोड संपला, बाकीचा कितीही नीट असो. १४ पुन्हा छापले, २८ रुपये. आता सगळे पुठ्ठे सुतळीवर चिमट्यांनी टांगले आहेत, काढायला आणि लावायला पाच मिनिटं.

९ जानेवारी २०२५

जुन्या फोनची पाठ फुगलेली दिसली. बॅटरी. दिवसभर चार्जिंगला लावून ठेवल्याचा परिणाम. ताबडतोब बंद करून मुलांपासून दूर ठेवला. तुम्ही असं करत असाल तर रात्री चार्जर काढा, फोन उशी-कापडावर नाही तर उघड्या फळीवर ठेवा आणि आठवड्याला एकदा पाठ बघा.

सरांनी त्यांचा दुसरा फोन दिला, जरा नवा. फाइली टाकल्या, हॉटस्पॉट लावला, आणि एकही कोड चालेना. नवीन अँड्रॉइड हॉटस्पॉटला ठरावीक पत्ता देत नाही. सकाळी एक, दुपारी दुसरा. कागदी कोड पुन्हा छापता येतील, पण रोज नवे छापणार का? आणि भिंतीवरच्या ६२५ घरांत १९२.१६८.४३.१ हा पत्ता रंगवलेला आहे. मुलांना काय सांगू कळेना.

१८ जानेवारी, शनिवार

पुतण्याच्या घरचा वापरात नसलेला वायफाय राउटर आणला. त्याला इंटरनेटची तार लागत नाही, नुसती वीज हवी. त्याच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी केल्या. राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.४३.२५४ केला. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुन्या हॉटस्पॉटचाच दिला. आणि सरांच्या फोनसाठी १९२.१६८.४३.१ हा पत्ता राखून ठेवला, म्हणजे तो फोन जोडला की त्याला हाच पत्ता मिळणार. तरीही दोनदा वेगळा पत्ता मिळाला. शेवटी कळलं की नवीन फोन वायफायला आपली ओळख बदलून सांगतो. त्या वायफायच्या सेटिंगमध्ये ‘फोनचा मूळ मॅक पत्ता वापरा’ निवडल्यावर जमलं. तीन तास लागले, खर्च शून्य.

साडेदहाला फाटकात उभं राहून टॅब भिंतीकडे धरला. पहिल्या झटक्यात प्रार्थना. ऑगस्टमध्ये ओळी सरकलेला मुलगा पायरीवर बसून ऐकत होता. त्याने विचारलं, फाइल ४४ कुणाची करायची? पहिलीतल्या दोघांनी नाव दिलं आहे. सोमवारी तांदळाची खोली उघडून ठेवायला स्वयंपाकाच्या मावशींना सांगितलंय.